राईची मिठागरे आणि आपला दस्तरखान

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उत्तनकडे जाणारी बस धरली की उंच इमारती लवकरच मागे पडतात. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावे एकापाठोपाठ येतात. कौलारू घरे, चिंचा, ताडाची झाडे आणि त्यांच्या पलीकडे खाजण, तिवरांची झाडी, मिठागरांचे चौकोन. मीरा रोडच्या नया नगरमध्ये आपली इतकी वस्ती आहे, पण तिथून निघालेली कुटुंबे बहुधा थेट उत्तनचा किंवा गोराईचा किनारा गाठतात. राईत कोणी उतरत नाही. ज्या घरात एखाद्याला रक्तदाबाची गोळी सुरू आहे, म्हणजे जवळपास प्रत्येक घरातल्या माणसाने एकदा इथे उतरून मीठ कसे तयार होते ते पाहावे.

पाऊस सरला की बांध नीट केले जातात, चिखल तुडवून वाफ्यांचा तळ घट्ट केला जातो. उधाणाच्या भरतीचे पाणी आत घ्यायचे, साठवायचे आणि उन्हात आटेल तसे एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचे. शेवटच्या वाफ्यात मिठाचे दाणे धरू लागतात. उरलेले कडवट पाणी काढून टाकतात आणि लाकडी फावड्याने मीठ बांधावर ओढतात. उन्हाळाभर अनवाणी पायांनी हे काम चालते. मिठाचे पाणी आणि पांढऱ्या राशींवरून परतणारे ऊन यांनी पाय फुटतात, डोळे जळतात. किलोमागे काही रुपये मोजताना हे कोणाच्या लक्षात येत नाही. इथल्या आगरी समाजाचे नावच ‘आगर’ या शब्दाशी जोडलेले आहे.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे पेलाभर पाणी आटवून जेवढे हाती येईल साधारण तेवढेच, एक सपाट चहाचा चमचा. आणि त्यात सगळे आले: सालन, भात, रोटी, लोणचे, पापड, चहाबरोबरची खारी. भारतातल्या निरनिराळ्या पाहण्यांत माणशी रोजचे मीठ 8 ते 11 ग्रॅमच्या दरम्यान आढळले आहे. जास्त मिठाने रक्तदाब वाढतो आणि त्याचा मार हृदयावर, मेंदूवर, मूत्रपिंडावर बसतो. वर्षानुवर्षे काही दुखत नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही.

आपल्या काही घरांत जेवणाआधी आणि जेवणानंतर चिमूटभर मीठ चाटण्याची पद्धत आहे. ती सुन्नत आहे, त्याने सत्तर आजार बरे होतात, असे थोरामोठ्यांकडून ऐकलेले असते. ज्या रिवायतीवर हे उभे आहे, ती इब्नुल जौझी यांनी बनावट हदीसांच्या आपल्या संग्रहात घातलेली आहे. रक्तदाब असलेल्या अम्मी-अब्बांना ही गोष्ट अदबीने सांगितली पाहिजे, कारण ते ती दीन समजून करत असतात. सिरक्याची तारीफ मात्र सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये आहे. स्वयंपाकाच्या दृष्टीनेही त्यात मर्म आहे. आंबटपणा आला की मीठ कमी पडल्याचे जिभेला कळत नाही. कोकणातल्या आपल्या बायका कोकम, चिंच, कैरी घालून माशाचे कालवण करतात, तेव्हा हेच साधलेले असते.

मिठागरावरून येताना पिशवीभर जाडे मीठ आणणारेही भेटतात. ‘हे नैसर्गिक, पाकिटातले केमिकलचे’ असा समज आहे. सैंधवाची सध्याची हौसही त्याच जातीची. वाफ्यातल्या मिठात आयोडीन नावापुरतेच असते, ते पाण्यातून मिठात फारसे उतरत नाही. 1956 पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिले आणि गलगंडाचे प्रमाण घटलेले दिसले. 1962 मध्ये देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यावर 1998 मध्ये बंदी आली, 2000 मध्ये ती उठवली गेली आणि 2006 मध्ये पुन्हा लागू झाली. गरोदर सुनेला आयोडीन कमी पडले तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ मागे पडू शकते. तेव्हा जाडे मीठ मासे खारवायला खुशाल आणावे, रोजच्या हंडीत मात्र आयोडीनचेच घालावे. तेही थोडे, शक्यतो शेवटी, आणि झाकणाच्या बरणीतले, कारण आपल्याकडच्या दमट हवेत उघडे मीठ पाणी धरते आणि आयोडीन कमी होत जाते.

कमी सोडियमचे म्हणून जे मीठ मिळते त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

राईहून पुढे डोंगरी ओलांडून उत्तनला गेलो. तिथे बांबूच्या वलांड्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले असतात. मासळी विकणाऱ्या बाईंना विचारले, “मावशी, याला मीठ लावलंय का?”

“बोंबलाला मीठ कशाला? ऊन पुरतं त्याला,” त्या म्हणाल्या.

सुक्या मासळीत सगळीच खारवलेली नसते, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नाही. सुका बोंबील प्रथिनांनी भरलेला, स्वस्त, साठवायला सोपा. खारवलेली सुरमई किंवा घोळ असेल तर पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून द्यावे आणि कालवणात वरून मीठ घालू नये. कुरआनात खाऱ्या आणि गोड्या अशा दोन्ही पाण्यांचा उल्लेख करून त्यांतून मिळणाऱ्या ताज्या मांसाची नेमत सांगितली आहे. ताजी मासळी इथे रोज येते. तरी रमजानमध्ये आपला इफ्तार पाकिटातल्या नगेट्सवर, फरसाणवर, बाटलीतल्या सॉसवर आणि तळलेल्या समोशांवर सुटतो. खरे मीठ तिथे लपलेले आहे, आणि सहरीला त्याचीच पुनरावृत्ती झाली की दिवसभर घसा कोरडा पडतो. कुरआनात ‘हलाल’च्या सोबत ‘तय्यब’ हा शब्द येतो. पाकिटावरची हलालची खूण आपण बारकाईने पाहतो, त्याच पाकिटावर मागे छापलेला सोडियमचा आकडा कोणी वाचत नाही. तो मिलिग्रॅममध्ये असतो. 5 ग्रॅम मीठ म्हणजे सुमारे 2000 मिलिग्रॅम सोडियम, एवढे लक्षात ठेवले की हिशेब घरच्या घरी होतो. मुलांनाच वाचायला लावावे, त्यांना असला हिशेब आवडतो.

जायचे तर जानेवारीपासून पाऊस सुरू होईपर्यंत जावे, सकाळी लवकर. बांधावरून चालताना मजुरांच्या कामात येऊ नये आणि वाफ्यात पाय घालू नये. पाण्याची बाटली बरोबर असावी, मिठागराच्या मधोमध सावली मिळत नाही.