लंगरचं उष्टं आणि कादंबाची अंडी

डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला राखाडी हंस म्हणजे पट्टकादंब. हिवाळ्यात आपल्याकडे उजनीवर, जायकवाडीवर दिसतो. पूर्व लडाखमधल्या आमच्या पोस्टवर (नाव अर्थातच सांगत नाही) इंदापूरकडचा एक हवालदार होता. एप्रिलमध्ये खालच्या तळ्यावर पहिली जोडी उतरली तेव्हा तो म्हणाला, “साहेब, ही तर आमच्या उजनीची!” तसं खात्रीनं सांगता येत नाही. मंगोलियात गळ्यात पट्टा घातलेले कादंब दक्षिण भारतात दिसले आहेत, म्हणजे आपले पाहुणे तिकडचेही असतात. पण भारतात हा पक्षी अंडी घालतो तो लडाखमध्येच. त्सो मोरिरी, त्सो कार आणि चांगथांगमधल्या अशाच पाणथळींवर. हवालदाराचा आनंद मी मोडला नाही.

हिमालय ओलांडणारा पक्षी म्हणून याचं फार कौतुक होतं. ७,००० मीटरच्या वर उडताना याची नोंद झाली आहे. मला विचाराल तर त्याची खरी परीक्षा उतरल्यावर सुरू होते.

साडेचार हजार मीटरवर उन्हाळा म्हणजे जेमतेम चार महिने. मादी चार ते सहा अंडी घालते आणि जवळपास महिनाभर उबवते. नर पहाऱ्यावर. पिल्लं पहिल्या दिवसापासून पोहतात, पण उडायला त्यांना आणखी दोन महिने लागतात. दरम्यान आईबापांचीही पिसं झडतात, त्यामुळे काही आठवडे सगळं कुटुंबच जमिनीवर अडकलेलं. जूनमध्ये घरटं मोडलं, तर ते वर्ष बहुधा गेलंच.

घरट्याची जागा मात्र ही मादी अशी निवडते की खडकवासल्याच्या आमच्या उस्तादांनी शाबासकी दिली असती. चारी बाजूंनी पाणी, मध्ये छोटं बेट, नजर लांबवर मोकळी. कोल्ह्यापुरता हा बंदोबस्त पुरतो. शिवाय इथला हिवाळा कोल्ह्यांची संख्या फार वाढू देत नाही.

कुत्र्यांचं तसं नाही, कारण त्यांचा हिवाळा आम्ही काढून देतो. लंगरमधलं उरलेलं, फुटलेले डबे, टूरिस्ट कॅम्पमागचे ढीग, यांवर टोळ्याच्या टोळ्या उणे वीसमध्येही तगतात आणि मे महिन्यात पाणथळीवर उतरतात. पाणी उथळ असलं तर सरळ बेटावर जातात. अंडं खाल्लं नाही तरी नुकसान होतंच. मादी उठली की अंडी गार पडतात, किंवा डोमकावळा ती फोडतो. कादंब जगात अजून धोक्याच्या यादीत नाही. पण शेजारीच घरटं करणारा काळ्या मानेचा क्रौंच, लडाखचा राज्यपक्षी, एका वेळी दोनच अंडी घालतो. त्याला हा हिशेब परवडत नाही.

“कुत्री हटवा” असं लेहमधल्या हॉटेलात बसून म्हणणं सोपं आहे. रात्री दोन वाजता संत्रीच्या आधी कुत्रा भुंकतो, हे मी स्वतः पाहिलंय. सहा महिने घर न पाहिलेला जवान त्याला आपल्या ताटातली पोळी देतो, तेव्हा मी काय बोलणार? नसबंदी व्हायला हवीच, पण नियमानुसार कुत्रं परत त्याच जागी सोडायचं असतं, आणि नसबंदी झालेलं कुत्रंही अंडं खातं.

शेवटी मी उष्ट्यावर बोट ठेवलं. गोठलेल्या जमिनीत खड्डा खणणं म्हणजे शिक्षाच. तो खणला, वर पत्रा आणि दगड. सुके डबे परतीच्या गाडीत. पोस्टची चार कुत्री ठेवली, पण मे-जूनमध्ये बांधून. बाहेरच्यांना दाणा नाही. पोरं आठवडाभर माझ्याशी तुटकच बोलत होती. सुभेदार साहेबांनी मात्र एक शब्द न बोलता पत्र्याला कडी लावून घेतली.

जुलैत दुर्बिणीतून एका जोडीमागे पाच पिल्लं मोजली. ती खड्ड्यामुळे जगली की नशिबानं, याचा दावा मी करणार नाही.

पोस्ट सोडताना हँडिंग-ओव्हरच्या कागदात जनरेटर, बुखारी आणि रॉकेलच्या खाली मी ‘उष्ट्याचा खड्डा, पत्र्यासह : एक’ असं लिहिलं. नव्या कंपनी कमांडरनं दोनदा वाचलं आणि विचारलं, “सर, याच्यावर सही करायची?” म्हटलं, “आधी पत्रा मोजून घे.”