कपाचा कान आणि बिननावाचा हात

मराठीत कपाला कान असतो. तो तुटला की कप पाहुण्यापुढे जात नाही. फडताळात मागे सरकतो, नाहीतर दाढीच्या पाण्यासाठी उरतो. असा कान हाताने घडवून रोजच्या पिण्याचे मग बनवणाऱ्या, आणि त्यावर स्वतःचे नाव न घालणाऱ्या माणसांची ही हकीकत.

बर्नार्ड लीच यांचा जन्म १८८७ चा, हाँगकाँगचा. १९०९ मध्ये ते जपानला गेले ते चित्रकार म्हणून. दोन वर्षांनी एका मेळाव्यात पाहुण्यांनी रंगवलेली भांडी तेथल्या तेथे भाजून लालबुंद बाहेर निघताना त्यांनी पाहिली, आणि पुढचे आयुष्य मातीला दिले. १९२० साली शोजी हामादा या तरुण सहकाऱ्यासह ते इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज या मासेमारीच्या गावी आले. तेथे त्यांनी जपानी धर्तीची चढती भट्टी बांधली. लाकडावर चालणारी भट्टी, आणि प्रदेश झाडांचा तुटवडा असलेला! पैशाची ओढाताण सुरुवातीपासूनच होती.

संग्राहकांसाठी एकेक देखणे भांडे घडवून कुंभारशाळा चालत नव्हती. रोजच्या वापराची भांडी करावीत, तर कमी आचेवर भाजलेली माती सच्छिद्र राहते आणि तिचा टवका सहज उडतो.

१९३४ मध्ये लीच पुन्हा जपानला गेले. प्रवासाचा खर्च एल्महर्स्ट दांपत्याने उचलला. यांपैकी लेनर्ड एल्महर्स्ट हे रवींद्रनाथांचे श्रीनिकेतन उभारण्यातले सहकारी. वडील दूर असताना थोरला मुलगा डेव्हिड याने स्टोक-ऑन-ट्रेंट येथे सिरॅमिक्सच्या शिक्षणासाठी नाव घातले. स्टोक म्हणजे यंत्रावर निघणाऱ्या कपबशांची राजधानी. ज्या कारखानदारीविरुद्ध वडिलांनी हयात वेचायची ठरवली होती, तिच्याच दारात मुलगा विद्यार्थी म्हणून उभा राहिला. बापाला हे रुचले नाही. तरीही कुंभारशाळा तगली ती बव्हंशी मुलाच्या या अवज्ञेमुळे, असे म्हणणे भाग आहे.

परतल्यावर डेव्हिडने माती बदलली, भट्टी तेलावर आणली आणि गावातली मुले उमेदवार म्हणून घेतली. १९३८ मध्ये आलेला विल्यम मार्शल हा त्यांतला पहिला. आता भांडी सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजली जात. त्या आचेवर माती दगडासारखी घट्ट होते. तिच्यात पाणी मुरत नाही.

या भांड्यांत मगही होते. मातीचा गोळा तोलून घ्यायचा, चाकावर ठरल्या उंचीचा उभा करायचा, ओठाला लागणारी कड गोल ठेवायची. कान मात्र साच्यातून निघत नसे. मातीचा लांबट गोळा एका हातात धरायचा आणि दुसऱ्या ओल्या हाताने, गाईची धार काढावी तसा, वरून खाली ओढत न्यायचा. पट्टी हळूहळू निमुळती होत जाते. मग ती अर्धवट सुकलेल्या मगाला चिकटवायची. भांडे अधिक सुकलेले असले तर वाळताना सांधा तडकतो. हा अंदाज शेकडो कान वाया घालवल्यावरच येतो. त्यातली बोटे किती मावतात, भरलेला मग मनगटाला जड होतो का, हे डोळ्याला दिसत नाही. सकाळी हाताला कळते.

उमेदवारांनी घडवलेल्या या मगांवर फक्त कुंभारशाळेचा शिक्का उमटे: ‘एस’ आणि ‘आय’. लीच यांच्या स्वतंत्र भांड्यांवर त्यांची आद्याक्षरे असत. लीच यांचे मित्र सोएत्सु यानागी अनाम कारागिराच्या हातातले सौंदर्य थोर मानत. हामादांनी जपानला परतल्यावर भांड्यांवर खूण करणेच सोडले. लीच यांनी १९७२ मध्ये यानागींचे लेख इंग्रजीत आणले, त्या ग्रंथाचे नावच ‘अज्ञात कारागीर’ अशा अर्थाचे. ज्यांच्या नावावर मग विकले जात होते, त्यांनीच अनामिकतेचा गौरव करावा, यात दांभिकता कमी आणि सोय जास्त होती.

१९७९ मध्ये लीच गेले आणि नेहमीच्या भांड्यांचे ते उत्पादनही थांबले. तेव्हाचे मग आज संग्राहक जपून ठेवतात. कानाचे खालचे टोक जेथे बोटाने दाबून चिकटवले, तेथे दाब अजून दिसतो. बोट कोणाचे, हे शिक्क्यावरून कळत नाही.