आख्खा रॅक कशाला?

चाक खड्ड्यात गेलं की दाजींच्या मारुती 800 मध्ये डावीकडून ‘खट्’ वाजायचं आणि स्टिअरिंगला हिसका बसायचा. राहुरीतल्या एका गॅरेजवाल्यानं खिडकीतून हात घालून स्टिअरिंग दोन्हीकडं हलवलं आणि निकाल दिला, “स्टिअरिंगचा आख्खा रॅक बदलावा लागंल.” गाडी जॅकवर चढली नाही, चाकाला कुणी हात लावला नाही. याचा राग मला आजही येतो.

दाजी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांनी वाद न घालता गाडी घरी आणली.

अंगण काळ्या मातीचं, म्हणून जॅकखाली जाड फळी, मागच्या चाकांना दगड, गाडी उचलल्यावर बॉडीखाली घोडी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, ही त्यांची सक्त ताकीद. मग त्यांनी डावं चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं. प्ले होता. बारा आणि सहाच्या जागी धरलं तर गच्च. म्हणजे खालचा बॉल जॉइंट आणि बेअरिंग शाबूत. “पाव्हणं, इथं बोट ठेवा,” म्हणत त्यांनी टाय रॉड एंड, म्हणजे रॅककडून येणारी दांडी चाकाला जोडणारा सांधा, दाखवला. ताईनं चाक हलवलं आणि तो सांधा माझ्या बोटाखाली उडाला. रबराचं बूट फाटलेलं, आत ग्रीसऐवजी गंजाचा चिखल.

या सांध्याला ग्रीस भरायला निप्पल नसतं. कंपनीतून भरलेलं ग्रीस रबर टिकेल तोवर टिकतं. एकदा पाणी आणि धूळ आत शिरली की गोळी आपली खोबण खाते. त्यात आमचे रस्ते. डिसेंबर 2022 मध्ये तेव्हाचे पारनेरचे आमदार नीलेश लंके नगर-मनमाड आणि नगर-पाथर्डी रस्त्यांसाठी उपोषणाला बसले होते. अशा रस्त्यावर खड्ड्याचा प्रत्येक दणका या सांध्यालाही झेलावा लागतो.

खरी झुंज पुढं होती. स्प्लिट पिन गंजून तुटली, नट सैल झाला, पण सांध्याचा निमुळता खिळा चाकामागच्या स्टिअरिंग नकलच्या डोळ्यात असा रुतला होता की हलेना. अशा वेळी लोक नटवर घण घालतात आणि आटे बिघडवतात. दाजींनी नट थोडा आट्यावर ठेवला आणि हातोडा घातला तो डोळ्याच्या बाजूला, आडवा. ठोका, थांबा, पुन्हा ठोका. एका ठोक्याला ‘टक्’ झालं आणि टाय रॉड एंड सुटून खाली लोंबला. लोखंड क्षणभर दबतं, गोल भोक किंचित लंबगोल होतं आणि पकड सुटते, असं त्यांनी समजावलं. माझी इंजिनिअरिंगची पदवी कुठल्या कुठं गेली.

जुना भाग फिरवून काढताना त्यांनी आटे मोजले आणि नवा तेवढ्याच फेऱ्यांनी बसवला. चेक नट आवळला, स्प्लिट पिन नवी घातली. जुनी सरळ करून परत वापरणारा माणूस दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो, असं ते म्हणाले आणि मलाही तसंच वाटतं. मारुती 800 चं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, तरी हा भाग सहज मिळाला. आटे मोजले तरी व्हील अलाइनमेंट टळत नाही. ते न करता फिरलात तर टायर एका कडेनं झिजतात.

अलाइनमेंटवाल्यानं मात्र गाडी वर घेऊन सांगितलं की रॅकमध्येही थोडा प्ले आहे, वर्षभरात बघावं लागेल. माझा राग तिथं जरा डळमळला. दाजी म्हणाले, “सुटा भाग बदलला आन् पुन्हा आवाज आला, तर गिऱ्हाईक गॅरेजवाल्याच्याच दारात भांडतंय. म्हणून तो आख्खा रॅक सांगतो.” पटतं. तरी गाडी उचलून बघायला त्याला किती वेळ लागला असता? आणि जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला कसली अडचण आहे? मी तर आता मागूनच घेतो.

रॅक अजून तोच आहे. बदलायचा तर घरीच, असं दाजींचं म्हणणं. ताईला ते मान्य नाही.