बदकाची बुडी

शहाण्या माणसाने दोन कामं अंगावर घेऊ नयेत. एक, सोसायटीचं सेक्रेटरीपद आणि दुसरं, घरच्या समारंभाचं ध्वनिमुद्रण. पहिल्यातून मी शिताफीने निसटलो, दुसऱ्यात सापडलो.

आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. आम्ही नगरचे. सरकारदरबारी २०२४ पासून अहिल्यानगर, आईच्या तोंडी मात्र नगरच. तर सावेडीच्या घरी नातवाने आजीला बोलतं करायचं, मागे सनई लावायची आणि ते समारंभात ऐकवायचं, असं ठरलं. आमच्याकडे ठरतं सर्वानुमते, करतो मी.

पहिल्याच फेरीत सनईने आईला गिळून टाकलं. विशाल गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीत मागून कुणी हाक मारावी, तशी आई ऐकू येत होती. चिरंजीव म्हणाले, "बाबा, ऑटो डक लावा ना!"

मी बी.कॉम. डक म्हणजे बदक, एवढीच माझी पोच. पण इंग्रजीत डक म्हणजे झटकन मान खाली घालणं असंही आहे म्हणे. बोलणं सुरू झालं की संगीताने मान खाली घालायची, संपलं की वर काढायची. पूर्वी रेडिओवर हे काम माणूस करायचा. डोळा निवेदकाच्या ओठांवर, बोट आवाजाच्या सरकत्या कळीवर. आता यंत्र स्वतःच बोलण्याकडे कान लावून बसतं.

ऑडॅसिटी नावाचा प्रोग्राम २००० सालापासून फुकट मिळतो. फुकट म्हटल्यावर मी खुर्ची पुढे ओढली. वरच्या पट्टीत सनई, खालच्या पट्टीत आई. मग थ्रेशोल्ड, म्हणजे आमच्या मिनिमम बॅलन्सचा भाऊ. आवाज त्याच्या वर गेला की कारवाई सुरू. काही न बदलल्यास संगीत बारा डेसिबलने उतरतं, म्हणजे लहरींची उंची साधारण पाव उरते. रुपयाचे चार आणे! असं काही आमच्या साहेबांना मीटिंगमध्ये बसवता आलं असतं तर!

पण यंत्राला अदब असते, अक्कल नसते. आई खोकली तरी सनई नम्र व्हायची. आणि आई श्वास घ्यायला थांबली, की एका सेकंदात पुन्हा उसळायची. आई थांबत थांबतच बोलते. चिरंजीव म्हणाले, "मॅक्सिमम पॉज वाढवा." मी एकाचे पाच सेकंद केले.

आता ते जमलंय का, हे पाहायला सगळं ऐकणं आलं. एरवी सायकलची गोष्ट आली की मी पुढे सरकायचो, कारण ती घरात सगळ्यांना पाठ. आई म्हणायची, "ह्यांनी सायकल विकली..." आणि थांबायची. आम्ही कोरसमध्ये म्हणायचो, "आणि कॉलेजची फी भरली!" बाबांच्या तेराव्याला मीच ती गहिवरून सांगितली होती.

रेकॉर्डिंगच्या वेळी चिरंजीव मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले, त्यामुळे मध्ये बोलायला कुणी नव्हतं. "तुझ्या आजोबांनी सायकल विकली..." आई थांबली. सनई गप्प राहिली. एक, दोन, तीन सेकंद.

"...अन् पैसे पत्त्यांत घालवले. फी मी भरली. ब्लाउज शिवून."

मी कळ दाबून पुन्हा ऐकलं. तेच. अठ्ठावीस वर्षं ती रक्कम आम्ही चुकीच्या खात्यावर जमा दाखवत होतो, आणि मी बँकेत!

आई आत मेथी निवडत होती. मी विचारलं, "आई, इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलतच होते की..." ती म्हणाली आणि थांबली.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. ते गिळलं आणि मनात पाचपर्यंत मोजलं.

"...चहा टाकू का तुला?"