‘ट्रू’ म्हणजे नेमकं किती?

सीमध्ये लिहिलेली आमची एक लायब्ररी पायथन, जावा आणि गो वापरणाऱ्यांच्या हाती द्यायचं काम सध्या माझ्याकडे आहे. वाद अडलाय तो सेटिंग्जवर. सहकारी म्हणतो, सगळीकडे एकच फंक्शन ठेवू. पर्यायाचं नाव द्या, किंमत द्या, झालं. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण लिबकर्ल.

ही सीमधली लायब्ररी नेमकं असंच एक फंक्शन देते. सर्व्हरच्या प्रमाणपत्रावरचं नाव तपासायचं का, हे ठरवणारा पर्याय त्यात आहे. पूर्वी ० म्हणजे तपासू नका, २ म्हणजे नाव जुळवून बघा. आणि १? प्रमाणपत्रात काहीतरी नाव आहे एवढंच बघा, कुणाचं का असेना! पीएचपीत हे फंक्शन जवळजवळ जसंच्या तसं आलं. पीएचपीवाल्यांनी साहजिकच ‘ट्रू’ लिहिलं. ‘ट्रू’चा झाला १. कुलूप लावलं असं समजून लोक दार उघडं टाकून गेले, आणि एरर काही आली नाही. २०१२च्या एका शोधनिबंधात चक्क पैसे भरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सापडलं. त्याच वर्षी लिबकर्लने १ नाकारायला सुरुवात केली.

आमच्या घरी दखनी बोलतात. दखनीतला ‘कल’ मागे जातो तसा पुढेही जातो. मराठीतला ‘काल’ फक्त मागे. उच्चार जवळचा म्हणून शब्द तसाच उचलला तर उद्याचं लग्न काल होऊन जातं.

पायथनमध्ये किंमत नावासकट देता येते, ‘टाइमआउट=१०’, आणि पायथन ३ पासून तशी सक्तीही करता येते. जावात ती सोय नाही, म्हणून बिल्डर. गोची गोष्ट वेगळी. तिथे स्ट्रक्टमधल्या न भरलेल्या आकड्याची किंमत आपोआप शून्य होते. मग वापरणाऱ्याने शून्य मुद्दाम दिलं की काही दिलंच नाही, हे कळणार कसं? रॉब पाइक यांनी २०१४मध्ये मांडलेली पद्धत, म्हणजे प्रत्येक पर्यायाचं वेगळं फंक्शन, इथे कामाला येते. जे फंक्शन दिलंच नाही, तो पर्याय कुणी निवडलेला नाही. दिसायला जरा विचित्र आहे, पण मला आवडते.

नाव तपासणीसाठी मात्र मी आकडा किंवा ‘ट्रू’ कुठेच ठेवणार नाही. तिन्ही भाषांत नाव असलेले दोनच पर्याय, आणि काहीच दिलं नाही तर पूर्ण तपासणी.

माहितीपुस्तिका तीनदा लिहावी लागेल, हे सहकाऱ्याचं म्हणणं खरं आहे. पायथनची मी लिहायला घेतली आहे.