प्रकाशाला अंग येतं तेव्हा

दुपारच्या काळोख्या माजघरात कौलाच्या फटीतून कवडसा उतरला, की लहान पोर त्याला मुठीत धरू पाहतं. त्या पोराचं काही चुकत नाही. तो तिरपा दांडा असतोच इतका रेखीव, की धरला तर हाताला लागेल असं वाटावं.

अँथनी मकॉल या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या कलावंताने १९७३ साली याच मोहाची कलाकृती केली. ‘लाइन डिस्क्रायबिंग अ कोन’ हा अर्ध्या तासाचा, १६ मिलिमीटर फितीवरचा चित्रपट. त्यात गोष्ट नाही, पात्रं नाहीत. काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका सरकत जातो, मागे रेघ ठेवतो आणि अखेरीस वर्तुळ पुरं करतो. पण पाहायचं ते पडद्यावर नसतंच. प्रोजेक्टरपासून भिंतीपर्यंतच्या अंधारात आधी प्रकाशाची एक दोरी ताणली जाते, मग तिचा वळत जाणारा पडदा होतो, शेवटी भला मोठा पोकळ शंकू. खुर्च्या नसतात. माणसं पडद्याकडे पाठ करून झोताकडे तोंड करतात, शंकूच्या आत शिरतात, त्याच्या अंगाला हात लावून बघतात. हात आरपार जातो, तरी लावल्यावाचून राहवत नाही.

हा शंकू उभा राहायचा तो खोलीतल्या धुळीच्या आणि सिगारेटच्या धुराच्या जोरावर. पुढे दालनं स्वच्छ झाली, धूर गेला. मधली वीसेक वर्षं थांबून मकॉल पुन्हा या कामाकडे वळला, तेव्हा हवेत धुकं सोडणारं यंत्र हाताशी घ्यावं लागलं.

मकॉलच्या त्या पहिल्या शंकूच्या सुमारे शंभर वर्षं आधी जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने, हवेत कण असतील तरच झोत दिसतो, हे दाखवून दिलं होतं. त्याने एका बंद पेटीला आतून ग्लिसरीन फासलं आणि आतली हवा निवांत राहू दिली. तरंगते कण हळूहळू ग्लिसरीनला चिकटून गेले. मग पेटीतून प्रकाशाचा झोत सोडला. पेटीत शिरेपर्यंत तो लख्ख, बाहेर पडल्यावरही लख्ख. मधे मात्र काळोख. प्रकाश आतूनच जात होता, पण त्याला डोळ्यांकडे वळवणारं आत कुणी उरलं नव्हतं. चंद्रावर भर उन्हातही आकाश काळं दिसतं, तेही याच कारणाने. तिथे हवाच नाही.

आपण दिव्याला हात जोडतो आणि धूळ केरात लोटतो. मला ही वाटणी अपुरी वाटते. प्रकाश वाटेत कुणाला तरी भेटतो, अडतो, विखुरतो, तेव्हाच त्याला कडा येतात, जाडी येते, रूप येतं. ते अंग त्याला धूळ देते, धूर देतो, धुकं देतं.

पुढच्या खेपेला चित्रपटगृहात बसाल, तेव्हा मिनिटभर मान मागे वळवून डोक्यावरून जाणाऱ्या झोताकडे पाहा. पडद्यावरची गोष्ट तेवढी बुडाली तरी चालेल.