नजर वर आहे तोवर

१५ सप्टेंबर २०२४. शार्लटमधल्या बँक ऑफ अमेरिका स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर मी आणि माझा मुलगा बसलो होतो. ऊन मी म्हणत होतं. समोर आमची कॅरोलायना पँथर्स आणि लॉस एंजेलिस चार्जर्स. आमचा क्वार्टरबॅक ब्राइस यंग, वय २३. तो चेंडू घेऊन मागे सरायचा आणि लांबवर धावणाऱ्या आपल्या गड्यांकडे बघायचं सोडून अंगावर धावून येणाऱ्या चार्जर्सकडे बघायचा. इतक्या उंचावरून चेहरा दिसत नाही, पण हेल्मेट कुठे वळलंय ते कळतं. त्या दुपारी ते पुन्हा पुन्हा खाली झुकत होतं.

सामना २६-३ असा हरलो. अख्ख्या सामन्यात यंगच्या पासेसमधून ८४ यार्ड मिळाले. आजूबाजूचे लोक हुर्यो उडवत होते. मुलगा म्हणाला, "बाबा, याला आता बसवायलाच हवं." मी काही बोललो नाही. दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक डेव्ह कनालेस यांनी त्याला बसवलं. हंगामाचे फक्त दोन सामने झाले होते.

ज्यांनी अमेरिकन फुटबॉल बघितलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. चेंडू हातात आल्यापासून क्वार्टरबॅककडे जेमतेम अडीच-तीन सेकंद असतात. त्याच्यासमोर त्याच्याच संघाचे पाच धिप्पाड गडी, एकेक जण १४० किलोच्या आसपासचा, अर्धवर्तुळ करून प्रतिस्पर्ध्यांना थोपवतात. त्या अर्धवर्तुळातल्या जागेला पॉकेट म्हणतात. पॉकेटमध्ये उभं राहून, आपल्यावर कोण झेपावतंय याकडे न बघता, ४० यार्डांवर कोण मोकळा होणार आहे हे तो मोकळा होण्याआधी ओळखायचं आणि तिथे चेंडू टाकायचा. हे धाडस अनैसर्गिक आहे. अंगावर काही येत असेल तर माणूस त्याच्याकडेच बघतो. क्वार्टरबॅकला ती उपजत भीती मोडून काढावी लागते, आणि ती मोडते ती एकाच भरवशावर, समोरचे पाच जण टिकाव धरतील या भरवशावर. भिंत पुन्हा पुन्हा कोसळली की नजर खाली येते. एकदा खाली आलेली नजर परत वर न्यायला महिने लागतात. कित्येकांची ती कधीच परत वर गेली नाही.

२०२३ च्या पहिल्या हंगामात यंगला ६२ वेळा पाडलं गेलं. उंची पाच फूट दहा इंच. या जागेवर खेळणाऱ्यासाठी ती कमीच. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याला सगळ्यांत आधी घेता यावं म्हणून क्लबने शिकागोला काय काय दिलं होतं! त्या वर्षीची नववी निवड, दुसऱ्या फेरीतली एक निवड, पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवड, त्याच्याही पुढच्या वर्षीची दुसऱ्या फेरीतली निवड आणि वर डीजे मूर, म्हणजे संघातला सर्वांत चांगला रिसीव्हर. चेंडू फेकणारा आणला आणि झेलणारा देऊन टाकला. संघ १७ पैकी १५ सामने हरला, त्यामुळे पुढच्या वर्षीची जी निवड शिकागोला गेली होती ती सगळ्यांत पहिली ठरली. यंगच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला सी. जे. स्ट्राउड ह्यूस्टनमध्ये त्याच वर्षी चमकला, आणि आमच्या गावात रोज सकाळी त्या दोघांची तुलना सुरू झाली.

पण मला यातलं सर्वांत जास्त खटकलं ते वेगळंच. हंगामाच्या सुरुवातीला डावपेच सांगायचे ते मुख्य प्रशिक्षक फ्रँक राइक. ऑक्टोबरात त्यांनी ते काम थॉमस ब्राउन यांच्याकडे सोपवलं. तीन सामन्यांनंतर ते परत स्वतःकडे घेतलं. नोव्हेंबर संपायच्या आत राइक यांनाच काढून टाकलं आणि काम पुन्हा ब्राउन यांच्याकडे आलं. बावीस वर्षांचा मुलगा, कानातल्या स्पीकरमधून येणारा आवाज एका हंगामात तीनदा बदलला.

हे मला खटकलं, कारण मी स्वतः हेच केलेलं आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक चोवीस वर्षांचा मुलगा होता. सॉफ्टवेअरमधली पहिलीच नोकरी. मुलाखतीत आम्ही सगळे खूश झालो होतो. एका रात्री त्याने चढवलेल्या बदलामुळे ग्राहकाची यंत्रणा पहाटेपर्यंत बंद पडली. पंधरा दिवसांनी पुन्हा तसंच झालं. मी त्याला त्या कामावरून काढलं आणि कुणालाही नको असलेल्या एका जुन्या प्रणालीच्या देखभालीला लावलं. चार महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. तेव्हा मला ते योग्यच वाटलं होतं. नंतर एकदा सहज हिशेब केला. आठ महिन्यांत त्याचे तीन टीम लीड बदलले होते. प्रत्येकाची कामाची पद्धत वेगळी, आणि त्याने लिहिलेला कोड तपासायला शेवटी शेवटी कुणीच नव्हतं. भिंत मीच काढून घेतली होती. शेवटच्या आठवड्यांतलं त्याचं एक मला अजून आठवतं. काहीही विचारलं की तो समोरच्या स्क्रीनकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघायचा.

त्या दुपारी वरून यंगचं झुकलेलं हेल्मेट बघताना मला तो मुलगा आठवला. म्हणून मी गप्प बसलो होतो.

आमच्या स्टेडियमबाहेर सॅम मिल्स यांचा पुतळा आहे. उंची पाच फूट नऊ इंच, म्हणजे यंगपेक्षाही कमी, आणि खेळायचे लाइनबॅकर, जिथे आडदांड माणसंच लागतात. ड्राफ्टमध्ये त्यांना कुणी घेतलं नाही. क्लीव्हलँडने काढलं, कॅनडातल्या टोरोंटोने काढलं. न्यू जर्सीतल्या एका शाळेत त्यांनी शिक्षकी केली. मग दुसऱ्या एका लीगमध्ये संधी मिळाली, तिथून न्यू ऑर्लिन्स, आणि १९९५ साली पँथर्स नव्याने उभी राहिली तेव्हा ते इथे आले. पुढे इथेच प्रशिक्षक झाले. कर्करोगाशी झगडत असताना, जानेवारी २००४ मध्ये, प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, सामन्याआधी त्यांनी खेळाडूंना सांगितलं ते दोनच शब्दांत : कीप पाउंडिंग. ठोकत राहा. २००५ मध्ये ते गेले. आजही प्रत्येक घरच्या सामन्याआधी मैदानावर एक मोठा ड्रम वाजवला जातो, आणि सत्तर हजार माणसं ते दोन शब्द ओरडतात. २०२२ मध्ये मिल्स हॉल ऑफ फेममध्ये गेले. दोन संघांनी काढून टाकलेल्या, ठेंगणा म्हणून नाकारलेल्या माणसाचा पुतळा दारात, त्याचे शब्द ओठांवर, आणि आत येऊन आम्ही २३ वर्षांच्या ठेंगण्या मुलाची हुर्यो उडवतो. मला त्या दिवशी लाज वाटली. आताही वाटते.

आणि या क्लबने याआधी केलेलंही विसरता येत नाही. २०२२ साली संघात दोन तरुण क्वार्टरबॅक होते, दोघेही २०१८ च्या ड्राफ्टमधले. बेकर मेफील्ड त्या वर्षीची पहिली निवड, सॅम डार्नल्ड तिसरी. दोघांनाही आधीच्या संघांनी टाकलेलं. डार्नल्ड न्यूयॉर्क जेट्सकडे असताना, २०१९ मधल्या एका सामन्यात, बाजूच्या बाकावर बसून म्हणाला होता की मला भुतं दिसताहेत. अंगावर माइक होता, ते वाक्य अख्ख्या देशाने ऐकलं आणि वर्षानुवर्षं त्याची टिंगल केली. क्वार्टरबॅकच्या भीतीचं इतकं प्रामाणिक वर्णन मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. पँथर्सने मेफील्डला हंगाम संपायच्या आत सोडलं, डार्नल्डला हंगामानंतर जाऊ दिलं. मेफील्ड टँपाला गेला आणि आमच्याच गटात राहून आम्हाला हरवू लागला. डार्नल्डने २०२४ मध्ये मिनेसोटाला १४ सामने जिंकून दिले. माणसं तीच, हात तेच. समोरचे पाच जण आणि कानातला आवाज बदलला होता.

धीर धरा म्हणणारे लोक नेहमी ट्रॉय एकमन यांचं नाव काढतात. १९८९ मध्ये त्यांनी सुरुवात केलेले अकराच्या अकरा सामने डॅलस हरलं, आणि पुढे त्यांनी तीन सुपर बोल जिंकले. पेटन मॅनिंग यांनी १९९८ च्या पहिल्या हंगामात २८ इंटरसेप्शन दिले, म्हणजे २८ पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले, आणि इंडियानापोलिसने तेरा सामने गमावले. पुढच्याच वर्षी त्यांनी तेरा जिंकले. ही उदाहरणं खरी आहेत, पण मला ती पुरेशी वाटत नाहीत. जे तरले त्यांचीच नावं आपल्याला पाठ असतात.

म्हणून मी डेव्हिड कार यांचं नाव काढतो. २००२ ची पहिली निवड, ह्यूस्टनचा नवाकोरा संघ. पहिल्याच हंगामात त्यांना ७६ वेळा पाडलं गेलं. तो विक्रम आजही कायम आहे. ह्यूस्टनने त्यांना सोडलं नाही, पाच हंगाम ठेवलं. कागदावर ही निष्ठाच. पण पाच वर्षं एखाद्याला तुटक्या भिंतीमागे उभं करायचं आणि त्याला विश्वास म्हणायचं, हे मला पटत नाही. ठेवणं म्हणजे फक्त रोज मैदानात उतरवणं असेल, तर त्यापेक्षा बाकावर बसवलेलं बरं.

दुसरी बाजूही मला कळते, आणि ती हलकी नाही. संघात ५३ माणसं असतात. ॲडम थिलेन २०२३ मध्ये आमच्याकडे आला तेव्हा ३२ वर्षांचा होता. रिसीव्हर म्हणून शेवटची दोन-तीन चांगली वर्षं हातात, आणि तरी त्या वर्षी त्याने १०३ झेल घेतले, दोनच सामने जिंकणाऱ्या संघात. तरुणाला शिकायला वेळ द्यायचा तो कुणाच्या तरी उरलेल्या वेळातून द्यावा लागतो. थिलेनच्या जागी मी असतो तर मलाही दुसरा क्वार्टरबॅक हवासा वाटला असता. अँडी डाल्टनने यंगच्या जागी उतरून पहिल्याच सामन्यात लास व्हेगासला ३६-२२ हरवलं, तेव्हा त्या लॉकर रूममधल्या किती जणांना हायसं वाटलं असेल! त्यांना दोष देता येत नाही.

मग यंग परत कसा आला? प्रशिक्षकांना साक्षात्कार झाला म्हणून नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये डाल्टनच्या गाडीला अपघात झाला आणि त्याचा अंगठा दुखावला. फेकायच्या हाताचा अंगठा. म्हणून यंगला उतरवावं लागलं. या गोष्टीचा मी फार विचार करतो. तो अपघात झाला नसता, तर यंग कदाचित त्या वर्षी पुन्हा दिसलाच नसता, आणि आज आपण त्याचं नाव फसलेल्या निवडींच्या यादीत वाचत असतो. त्या यादीतल्या किती जणांना असा योगायोग भेटलाच नाही! माझ्या हाताखालच्या मुलाला नाही भेटला.

बाकावरच्या त्या पाच आठवड्यांनी त्याचं भलंच झालं, असंही बरेच जण म्हणतात. असेल. लांबून बघताना खेळ हळू दिसतो, हे मी मानतो. पण त्याच वर्षी मार्चमध्ये क्लबने रॉबर्ट हंट आणि डेमियन लुइस हे दोन गार्ड, म्हणजे समोरच्या पाच जणांमधले दोन, आणले होते, एकट्या हंटवर पाच वर्षांत १० कोटी डॉलर्सचा करार. भिंत मुळापासून नव्याने बांधायला घेतली होती. माझ्या मते फरक पडला तो बाकामुळे कमी आणि त्या दोघांमुळे जास्त. तो परतला तेव्हा हेल्मेट वर होतं. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, ५ जानेवारी २०२५ ला, अटलांटाला जादा वेळेत ४४-३८ हरवलं. यंगचे तीन टचडाउन पासेस, दोन वेळा तो स्वतः चेंडू घेऊन आत गेला. मुलगा सोफ्यावर उभा राहून ओरडत होता. सप्टेंबरातल्या त्याच्या वाक्याची मी त्याला आठवण करून दिली नाही.

२०२५ च्या हंगामात अटलांटातच त्याने ४४८ यार्ड फेकले, क्लबच्या इतिहासात कुणीही एका सामन्यात फेकले नव्हते इतके. त्याच हंगामात अशाही दुपारी आल्या की दीडशे यार्डही जमेनात. संघ आठ जिंकला, नऊ हरला, तरी गट जिंकला, दहा वर्षांनी पहिल्यांदा. प्लेऑफमध्ये घरच्या मैदानावर लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत आम्ही पुढे होतो. हरलो ३४-३१.

म्हणजे प्रश्न सुटलेला नाही. शार्लटच्या चहाच्या टेबलांवर आजही दोन तट आहेत, आणि आमच्या घरातही. माझं मत विचाराल तर त्याला ठेवावं, डावपेच सांगणारा आवाज बदलू नये, आणि पुढचा पैसा आधी त्या पाच जणांवर खर्च करावा. कधी या स्टेडियममध्ये सामना बघायला आलात, तर चेंडू हलला की यंगकडे बघायची घाई करू नका. पहिली दोन सेकंद त्याच्यासमोरच्या पाच जणांकडे बघा, आणि मग त्याचं हेल्मेट कुठे वळलंय ते बघा.